डोहातली कणीक

बहात्तरच्या दुष्काळात, एकादशीला, प्रवरेच्या घाटाखालच्या डोहातले मासे मेले.

ते देवाचे मासे होते, म्हणून त्यांना कुणी धरत नसे. परगावचे लोकही घाटावरच्या देवळात दर्शन झाले की घाटावर बसून त्यांना कणकेच्या गोळ्या टाकत. त्या वर्षी डोह आटून खोलीएवढा उरला. तरी घरी रेशनच्या मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची, भाकरी खाणारे लोक, पाऊस पडावा म्हणून, घमेल्याने कणीक आणून ओतू लागले.

माझे वडील शाळेत मास्तर होते. ते रोज पायरीवर उभे राहून विनवत, "नका टाकू. कणकेनं पाणी नासतं, मासे गुदमरतात."

"देवाच्या जिवांना उपाशी ठेवायचं व्हय, मास्तर?" एक बाई म्हणाली. "तुमी सोता जेवून आलाय न्हवं?"

लोक हसले.

एकादशीला मासे पोटं वर करून तरंगत होते आणि पाण्यावर आंबलेल्या कणकेचा थर होता. लोकांनी नाकाला पदर लावून नमस्कार केला आणि आणखी गोळ्या टाकल्या. वडिलांनी एकट्याने मासे टोपलीत भरून पुरले. पुढे ते घाटावर कधी गेले नाहीत.

आता वडील नाहीत. त्यांनी दुष्काळाच्या आधी रंगवलेली 'मासे धरू नयेत' ही पाटी अजून घाटावर आहे; कणकेबद्दल तिच्यावर काही लिहिलेले नाही.