सावलीला आंघोळ

सोजरमावशींच्या पदराला रोज एक गाठ असायची. मुलीच्या घरापासून आमच्या गल्लीपर्यंत त्या चालत येत आणि वाटेत जे सापडेल ते त्या गाठीत जाई. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, गुलमोहराची वाळलेली शेंग, कबुतराचं पीस. ही गाठ आल्या आल्या सुटत नसे. आमच्या पाळणाघरातलं शेवटचं मूल येऊन सगळ्यांचं दूध पिऊन झालं, की साडेदहाच्या सुमाराला त्या अंगणात मांडी घालून बसत. मुलं भोवती गोळा होत. मग मावशी अगदी सावकाश, आत काही जिवंत असावं अशा बेताने, गाठ सोडत. "ढकलू नगा. आधी नजरंनं घ्या, हातानं मग."

मी त्या वस्तू मोजून घेत असे आणि खेळ संपला की परत मोजत असे, कारण चिंचोका नाकात जायला क्षण पुरतो. मावशींना याचं हसू यायचं. "म्याडम, तुमी सपनातबी मोजत असाल," असं त्या म्हणायच्या. ते खोटं नव्हतं.

लातूरला मी घरातच पाळणाघर सुरू केलं, तेव्हा माझा मुलगा शिकायला बाहेर गेला होता आणि खालच्या दोन खोल्या व अंगण रिकामं पडलं होतं. मदतीला बाई हवी होती. मी वहीत आठ प्रश्न लिहून ठेवले होते: वय, शिक्षण, आजारपणं, सुट्ट्या वगैरे. सोजरमावशी आल्या त्या सकाळी वेदांत नावाचा तीन वर्षांचा मुलगा दारात बसून रडत होता. मी पहिला प्रश्न विचारला. मावशींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी दोरीवरच्या चिमट्यांची टोपली उचलली, वेदांतच्या जवळ बसल्या आणि एकेक चिमटा स्वतःच्या पदराला लावायला लागल्या. पाचवा चिमटा त्याने लावला. विसाव्यापर्यंत तो रडायचं विसरला होता. मी वही मिटली. उरलेले सात प्रश्न मी कधीच विचारले नाहीत.

मावशी मूळच्या कंधारकडच्या. चौथीपर्यंत शाळा झालेली, पुढे शेतातली कामं, नंतर मुलीबरोबर लातूर. मी एक लहानसं प्रशिक्षण घेतलं होतं, त्याचा कागद भिंतीवर लावलेला होता. पण मुलांच्या बाबतीत मला जे येतं त्यातलं बरंचसं मी त्यांच्याकडून शिकले. मी हौसेने आणलेली दिवे लागणारी, गाणं म्हणणारी मोटार त्यांनी दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी कपाटावर ठेवून दिली. "हे खेळणं आपलं आपणच खेळून राहिलंय. लेकरानं काय करायचं मग? बगत बसायचं?" त्या जागी त्यांनी तुरीच्या ओल्या शेंगा ठेवल्या. मुलं शेंगा सोलत, दाणे मोजत, टरफलांच्या होड्या करत. बोटांना काम द्या, डोकं मागून येतंच, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या गिलासातलं पाणी लहान गिलासात न सांडता ओतायला त्यांनी महिनाभर शिकवलं. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून सांडलेलं पाणी तुळशीलाच गेलं पाहिजे, असा त्या खेळाचा नियम होता.

आणखी एक गोष्ट त्या नेहमी म्हणायच्या: "लेकरू खेळात खोटं बोलत न्हाई." एकदा एक मुलगा आठवडाभर घर-घर खेळताना बाबा-बाहुला एका कोपऱ्यात आणि आई-बाहुली दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचा. मध्ये कोणाला जाऊ द्यायचा नाही. मला ते नुसतं मांडणं वाटलं. मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याच्या आईशी जरा सबुरीनं बोला, घरात काहीतरी हाय. पंधरा दिवसांनी ती आई माझ्यासमोर रडली. नवरा वेगळा राहायला गेला होता. तेव्हापासून मी मुलांच्या खेळाकडे मावशींच्या नजरेने बघायला लागले.

आमच्या पाळणाघराचा एक नियम दारातल्या फळ्यावरच लिहिलेला होता: पाच वर्षांपर्यंत इथे कोणी लिहिणार नाही, सगळे खेळणार. लातूरमध्ये असा फळा लावणं सोपं नव्हतं. इथे गल्लीगल्लीत शिकवण्या आहेत आणि खांबाखांबावर गुणवंतांचे फोटो. मूल चालायला लागलं, की आईबाप त्याच्या दहावीची काळजी करतात. प्रवेश घेताना मी प्रत्येक पालकाला फळा वाचायला लावायचे. सगळे माना डोलवायचे.

दुपारी अडीच ते पाच मी यांच्या स्टेशनरीच्या दुकानात बसत असे, म्हणजे यांना घरी वरच्या मजल्यावर जेवून थोडी पाठ टेकता यायची. त्या वेळात मुलं मावशींच्या ताब्यात. पाचला मी परत आले, की मावशी चहा करायच्या आणि मी रजिस्टर उघडायचे. आज दुपारी काय खेळलात, असं विचारलं की त्या सांगायच्या आणि मी लिहायचे. खेळाचं नाव, साहित्य, कोण कोण होतं, काय घडलं, असे चार रकाने मी आखले होते.

काय सांगायच्या त्या! "मुक्याचं दुकान": गिऱ्हाइकाने बोलायचं नाही, काय हवं ते हातांनी दाखवायचं आणि दुकानदाराने ओळखायचं, स्वराने हिंग मागितला आणि नाक मुरडून दाखवलं. "सावलीला आंघोळ": अंगणात आपापली सावली पाडून उभं राहायचं, प्रत्येकाला एकच गिलास पाणी, त्यात दुसऱ्याच्या सावलीचं डोकं, हात, पाय धुवायचे आणि कोणाची सावली आधी वाळते ते बघायचं. सगळ्यात लहान कबीर रडला, कारण त्याला ओली सावली टॉवेलनं पुसायची होती आणि ती जाग्यावर राहीना. हे लिहिताना मी हसले होते. मावशीही हसल्या होत्या.

पालकांच्या बैठकीत मी ही पानं मोठ्याने वाचून दाखवायचे. दोन वर्षं वाचली. काही आया माझ्याकडे बघून हसायच्या, काही पर्सची चेन उघडझाप करत राहायच्या. मला वाटायचं, त्या कंटाळल्यात.

आणि दुकानात अक्षरं गिरवायच्या वह्या बऱ्या खपत होत्या. मी यादी करते, त्यामुळे मला ते दिसत होतं. स्वराची आई दोन घेऊन गेली होती, वेदांतचे बाबाही; त्याची धाकटी बहीण आता आमच्याकडे होती. भाच्यासाठी, पुतण्यासाठी, असं सांगायचे. मावशींनीही नातीसाठी घेतल्या होत्या. मी वह्या पिशवीत घालून दिल्या आणि साठ्याच्या वहीत आकडा कमी केला.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळची वेळ, दूध व्हायचं होतं. मी गिलासांचा ट्रे घेऊन खोलीच्या दारात आले तर साडेचार वर्षांची स्वरा एकटीच खेळत होती. तिने चार बाहुल्या भिंतीकडे तोंड करून ओळीत बसवल्या होत्या. प्रत्येकीपुढे खेळायचा एक पत्ता पालथा ठेवलेला. एका बाहुलीचा कापडी हात मुठीत धरून ती तो पत्त्यावरून फिरवत होती.

"नीट गिरव. रेघंच्या भाईर गेलं की पुन्यांदा." मग दुसऱ्या बाहुलीकडे वळून, आवाज बारीक करून, "म्याडमला सांगायचं न्हाई हं. म्याडम दुकानात गेल्यात."

स्वराच्या घरात पुन्यांदा कोणी म्हणत नाही. तिचे आईवडील दोघेही प्राध्यापक आहेत.

मी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभ्या होत्या, हातात दुधाचं पातेलं. त्यांनीही ऐकलं होतं. मुलं खेळात खोटं बोलतात का, हे आम्हा दोघींनाही एकमेकींना विचारायची गरज नव्हती.

मुलांना दूध दिलं. ट्रे विसळला. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहूनच बोललो. मावशींनी काही लपवलं नाही. मागच्याच्या मागच्या जूनपासून, असं त्यांनी सांगितलं. दुपारी मी गेल्यावर तीन आया फाटकाशी आल्या होत्या. मुलांना थोडं लिहायला शिकवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे घालतो; तुमच्या मॅडम ऐकायच्या नाहीत, त्यांना सांगू नका. नंतर बाकीच्यांना कळलं आणि त्यांनीही वह्या पाठवल्या. वह्या माळ्यावरच्या डब्यात असायच्या. रोज दुपारी तीन ते साडेचार मुलं भिंतीकडे तोंड करून गिरवायची. तोंड भिंतीकडे यासाठी, की अंगणातलं ऊन दिसलं तर त्यांचं लक्ष जायचं.

"मावशी, तुम्हीच मला खेळ शिकवलात," मी म्हणाले.

"हाव. शिकवले." त्या पातेलं घासत राहिल्या. "माझी नात शाळंतून माघारी आली, म्याडम. बाईनं पेन्सिल दिली तर तिला धरताच येईना. लई चिंचोके मोजले हुते तिनं माझ्यासंगं. शाळंत चिंचोके कुणी इचारले न्हाईत."

नात शाळेतून माघारी आली, हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं असतं तर मी त्या शाळेत गेले असते, त्या बाईंशी बोलले असते, फळ्यावरचा नियमही कदाचित पुन्हा वाचून पाहिला असता. मी तसं म्हणाले. मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. रजिस्टरमधले दुपारचे खेळ?

"ते वाटंनं जुळवायची," त्या म्हणाल्या. "सकाळी येता येता. तुमाला रिकामा रकाना खपत न्हाई. आन् लिहिताना लई खूश दिसायच्या तुमी."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

उद्या येऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. आजही थांबायची गरज नाही, असंही म्हणाले. त्यांनी हात पुसले, मुलांकडे न बघता चपला घातल्या आणि फाटकाबाहेर गेल्या. त्या सकाळची गाठ पदराला तशीच होती. मुलं अंगणात गोल करून बसली होती. मावशी येतील म्हणून ती बराच वेळ बसून राहिली.

शनिवारी मी पालकांना बोलावलं. घडलेलं सांगितलं. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही, तेव्हा मला कळलं की त्या खोलीत हे पहिल्यांदा ऐकणारी मी एकटीच आहे. एक वडील समजुतीच्या सुरात म्हणाले, मॅडम, नुकसान काय झालं सांगा, मुलीला बाराखडी येते. महिन्याभरात फाटकाशी आलेल्या त्या तिन्ही आयांनी मुलं काढून घेतली. कारण विचारलं तर म्हणाल्या, आता तुमच्याकडे लिहायला शिकवायला कोणी नाही ना.

मावशी मुलाकडे कंधारला गेल्या, असं त्यांची मुलगी दुकानात आली तेव्हा कळलं. ती नातीसाठी पट्टी घ्यायला आली होती. नात आता दुसऱ्या शाळेत आहे. आई तुमची आठवण काढते, असं ती म्हणाली. मी सुटे पैसे मोजून दिले आणि बरं म्हणाले.

दुपारी दुकानात बसणं मी बंद केलं. यांचा डबा दुकानात जातो. रजिस्टर रद्दीत टाकायचं ठरवलं, पण त्याआधी लाल पेन घेऊन बसले आणि राहिलेल्या मुलांना एकेक नोंद वाचून विचारलं, हे खेळलात का? सकाळच्या नोंदींवर बरोबरच्या खुणा झाल्या. दुपारच्या नोंदींवर पानामागून पानं फुल्या. मुक्याचं दुकान, फुली. सावलीला आंघोळ, फुली. मुलं मात्र प्रत्येक खेळ ऐकून विचारत होती, हे कसं खेळायचं? कधी खेळायचं? मी रजिस्टर बंद केलं. रद्दीत मात्र दिलं नाही.

मार्चमध्ये एका दुपारी मुलं फार किरकिरत होती. नवीन बाई रजेवर होत्या आणि माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. मी ते पान काढलं. लिहिल्याप्रमाणे मुलांना अंगणात उभं केलं, प्रत्येकाला एकच गिलास पाणी दिलं. मुलांनी एकमेकांच्या सावल्यांची डोकी चोळली, कानामागे धुतलं, पायाच्या बोटांमधला मळ काढला. जी कधी धड बोलत नाही ती अन्वी दुसऱ्याच्या सावलीला दटावत होती, डोळे मीट, साबण जाईल. फरशी वाळायला लागली तशी मुलं ओणवी होऊन बघत बसली. आणि मग या वर्षी आलेला, सगळ्यांत लहान असलेला शौर्य आत जाऊन टॉवेल घेऊन आला. तो सावली पुसायला वाकला की सावलीही वाकायची, सरकायची. दोनदा प्रयत्न करून तो भोकाड पसरून रडायला लागला.

कबीरच्या नावावर हे दीड वर्षापूर्वी लिहिलेलं होतं. कबीर कधी रडलाच नव्हता. रस्त्याने चालता चालता मावशींनी त्याचं रडणं मनात बघितलं होतं आणि ते इतकं खरं होतं, की आज दुसरं मूल तसंच रडलं.

आता मी त्या रजिस्टरमधले खेळ एकेक करून खेळून घेते. अजून एकही फसलेला नाही. नवीन पालक विचारतात, हे तुम्हाला सुचतं कसं? जुन्या वहीतलं आहे, एवढंच मी सांगते. नाव घेत नाही. मावशींनी मुलांना लिहायला बसवलं याचा राग मी कदाचित सोडून दिला असता. नातीचं ऐकल्यावर तो तसाही अर्धा झाला होता. पण फुलीवर बरोबरची खूण करताना दर वेळी हात थांबतो. हे सगळं त्यांना दिसत होतं. मुलं समोर होती, अंगणात ऊन होतं, गिलासभर पाणी होतं. मुलांची तोंडं भिंतीकडून फक्त इकडे वळवायची होती.