पटाशांना धार कोण लावतं?

माझी मोठी काकू एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. पोट शिवण्याआधी कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे मोजायचे आणि एक जरी कमी भरला तरी सर्जनला टाका घालू द्यायचा नाही, हे तिचं काम. एकदा तिने एका मोठ्या डॉक्टरांना पाऊण तास तसंच उभं ठेवलं होतं. बोळा शेवटी त्यांच्याच बुटाखाली सापडला. तेव्हापासून तिला सगळे फौजदारबाई म्हणायचे. तिला ते आवडायचंही.

निवृत्त झाल्यावर तिने सुतारकाम शिकायचं काढलं. काका जाऊन चार वर्षं झाली होती, गाडी विकून टाकली होती, त्यामुळे तळमजल्यावरची गाडीची खोली रिकामीच होती. तिथे तिने एक दणकट टेबल मांडलं आणि अवजारं आणायला लागली. सहा पटाशा, दोन रंधे, बॅटरीवरचं ड्रिल आणि शेवटी टेबलात बसवलेली विजेची गोल करवत. दुकानदाराला तिने घाम फोडला. काटकोन तपासायचा गुण्या घेताना कागदावर एक रेघ ओढली, गुण्या उलटा करून तिथेच दुसरी ओढली. रेघा एकमेकींवर बसेनात.

"बाई, नवा कोरा माल आहे," दुकानदार म्हणाला.

"नवा असेल, सरळ नाहीये. दुसरा दाखवा."

चौथा गुण्या पास झाला.

माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे दीर, हाडाचे सुतार. मी, माझा नवरा आणि बाबा वरच्या मजल्यावर राहतो. पण बाबांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. नऊ वर्षांपूर्वी फर्निचरच्या कारखान्यात करवतीने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, तेव्हापासून कुणी लाकडाचं नाव काढलं की ते उठून जायचे. काकूने सल्ला विचारला तर म्हणाले, "वहिनी, हे काम तुमचं नाही. आणि आता माझंही राहिलं नाही."

दोनेक महिन्यांनी काकूने मला खाली बोलावलं. दार लावून घेतलं.

"खरं सांग, माझ्या पटाशांना तू हात लावलास?"

"मी कशाला लावू?"

"परवा ही लाकडात घुसत नव्हती, म्हणून वैतागून ठेवून दिली. आज बघ." तिने पटाशी मनगटावरून हलकेच फिरवली. केस साफ उतरले.

मला हसू आलं. "काकू, धार लावून ठेवणारा चोर कुणी पाहिलाय?"

"त्याचीच तर भीती वाटते. चोरून नेणाऱ्याला काय हवंय ते कळतं तरी."

मग तिचा तपास सुरू झाला. उंबऱ्यावर बारीक भुसा पसरून ठेवायची, प्रत्येक अवजाराभोवती पेन्सिलीने खूण करायची, पण हाती काही लागेना. पहिला संशय माझ्यावर, दुसरा माझ्या नवऱ्यावर. त्याचा त्या खोलीवर डोळा आहे, मोटारसायकल ठेवायची आहे त्याला, असं तिने मला तोंडावर सांगितलं. तो बिचारा आठवडाभर तिच्यासमोर जायला कचरायचा.

एका बुधवारी मात्र तिचा चेहरा खरंच उतरला होता. करवतीच्या टेबलावर लाकूड सरळ सरकवायला एक लांब पट्टी असते. ती पट्टी कुणीतरी किंचित हलवून नट पुन्हा आवळले होते.

"पटाशीचं सोड," ती म्हणाली. "चालत्या करवतीशी खेळणं म्हणजे माझ्या जिवाशी खेळणं."

तिने कुलूप बदललं. पंधरा दिवस काहीच झालं नाही आणि पटाशा बोथट व्हायला लागल्या. जुन्या कुलपाची दुसरी किल्ली आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असायची, त्यामुळे तिने काय ते ताडलं. "घरातलंच माणूस आहे," एवढंच बोलली आणि जुनं कुलूप पुन्हा लावलं.

दर मंगळवारी दुपारी ती नव्या नर्सना शिकवायला हॉस्पिटलात जायची. त्या मंगळवारी पर्स घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून ती निघाली आणि मलाही बरोबर घेतलं. साक्षीदार म्हणून, आणि बहुधा नजरेसमोर राहावी म्हणूनही. कोपऱ्यावरून वळून आम्ही मागच्या गल्लीने परत आलो. तिने दार ढकललं.

बाबा ओल्या दगडावर वाकले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, उरलेल्या तीन बोटांत पटाशी घट्ट.

"भाऊजी!"

बाबा दचकलेसुद्धा नाहीत. "दोन मिनिटं, वहिनी. आत्ता सोडली तर धार फुकट जाईल."

आम्ही दोघी खरंच दोन मिनिटं थांबलो. मग त्यांनी पटाशी पुसून खाली ठेवली.

"पट्टीला तुम्हीच हात लावलात?"

"तिरकी होती. मागच्या बाजूला पात्याकडे झुकलेली. लाकूड तिथे अडकतं आणि उलटं अंगावर येतं. माझं तसंच झालं होतं." ते जमिनीकडे बघत होते. "तुमची करवत अडखळली की मला वर ऐकू यायचं. घास घशाखाली उतरायचा नाही."

"मग सांगायचं ना सरळ!"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, चालवून दाखवा."

काकूने मापपट्टी उचलली. शेवटी ती फौजदारबाईच. तिने पट्टी आणि पातं यांच्यातलं अंतर पुढून मोजलं, मागून मोजलं, पुन्हा पुढून मोजलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं, असा सूर होता.

मला वाटलं, बाबांना राग येणार. जिना चढताना मी विचारलं, "वाईट वाटलं का हो?"

"छे," ते म्हणाले. "कारखान्यात असं कुणी मागून मोजलं असतं ना, तर…" आणि हात खिशात घालून वर गेले.

आता ते राजरोस खाली जातात. करवत काकू चालवते. बाबा बटणापाशी उभे राहतात, स्वतः कधी सुरू करत नाहीत, बंद मात्र लगेच करतात. यंदा दोघांनी मिळून मला स्वयंपाकघरात फळ्यांचं कपाट करून दिलं. कापणं तिचं, सांधे त्यांचे. वरच्या डाव्या सांध्यात केसाएवढी फट राहिली आहे. ती फट दुसऱ्यामुळे राहिली, असं दोघंही मला एकटीला गाठून सांगतात.