तोडीनंतरचा पाला

सिंगापूरच्या यिशुनमधल्या आमच्या ब्लॉकमागची झाडं तोडली, त्या दिवशी काका म्हणाले, "आता येतीन पहा."

"कोण?"

"सांबरं."

काका आमच्या वरच्या मजल्यावर मुलीकडे राहत. चंद्रपूरकडे वनरक्षक होते. आम्ही सगळे झाडं गेली म्हणून हळहळत होतो आणि हे हात मागे बांधून, पाहुणे यायचे असल्यासारखे उभे. तोडीच्या पट्ट्याला ते कूप म्हणत. कूप तुटला की जमिनीला ऊन लागतं, बुंध्यांना धुमारे फुटतात, पाला तोंडाच्या उंचीवर येतो आणि जनावर बाहेर पडतं.

"शिकाऱ्यालेही हे ठाऊक असते, भाऊ. जनावर पाल्यापाई उघड्यावर येते आन् बंदूकवाला कडेला बसते. तोड झाली का आमची गस्त वाढे."

"इथं कुठला बंदूकवाला?"

"म्हणून तर नुसतं पाहा म्हणतो."

मी पाहायला गेलो नाही. माझी बायको गेली. मूत्रपिंडाच्या आजारानं तिची नोकरी सुटली होती आणि डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं होतं. ती काकांबरोबर जाऊ लागली. त्या वेळात मी वाचत असे. मग फोनवर निरोप येई: काकांबरोबर आहे, सांबर. आम्ही घरात रोमन अक्षरांत मराठी लिहितो. त्यात सांबर आणि सांबार सारखंच दिसतं, आणि सिंगापुरात खरंच सांबर येईल यावर माझा विश्वास नव्हता. इतकी वर्षं बरोबर काढून ही एका म्हाताऱ्याबरोबर हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत इडल्या खाते, हे मी दोन आठवडे गिळत राहिलो. शेवटी म्हणालो, "डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. रोज सांबार कशाला?"

ती हसत हसत खुर्चीत बसली. "अहो, शिंगंवालं."

तुम्ही म्हणाल, मग प्रश्न मिटला. इडल्या परवडल्या असत्या. इडल्या मीही खाऊ शकलो असतो. पण ती जेवताना सांगू लागली, की मादी आधी कान बाहेर काढते, की काका वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. तिच्या बोलण्यात "येते पहा" आलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, माझा एकही शब्द तिनं असा उचलला नव्हता.

काका लिफ्टमध्ये भेटले की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो. ते तरीही बोलायचे. "ताई लय दमानं उभी राहते, भाऊ. आमच्या गार्डांलेही जमत नोहतं."

पुढच्या वर्षी ती गेली. तेराव्यानंतर काका आले, चहा घेतला नाही, नुसते बसले. मीच विचारलं, "तिनं मला कधी बोलावलं का नाही?"

खोटं बोलणं त्यांना जमत नसावं. "मी म्हटलं होतं तिले, भाऊंले आण. तर म्हणे, ते बाहेर मुके असतात, माझ्यापाशी मात्र तळटिपांसकट बोलतात. सांबर पळून जाईल."

मी हसलो नाही. हे वाक्य तिनं मला सांगायचं होतं, आणि ते त्यांच्याकडे होतं.

"उद्या या," ते म्हणाले. "पावणेसातले लिफ्टपाशी. अजून वर्षभर पाला आहे. मंग झाडोरा वाढते, जनावर असलं तरी दिसत नाही."

"बघू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी दाराच्या आत, बूट घालून उभा होतो. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. काका बाहेर आले असावेत, खोकले. बराच वेळ गेला. तिची जागा घ्यायची आणि तीही त्यांच्या परवानगीनं, हे मला जमेना. मग लिफ्टचं दार लागलं.

त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. मुलीचा इथला नोकरीचा पास संपला तशी ती मंडळी नागपूरला परतली. निघताना काका भेटायला आले होते. मी ऑफिसात होतो.

आता तोडीच्या पट्ट्याभोवती पत्र्याचं कुंपण आहे आणि आत नव्या इमारतीच्या पायाचं काम चालू आहे. मी सांबर पाहिलेलं नाही.