मशीन चालू होतं

“तू नको. तू बाहेरच थांब.”

सर रागानं बोलले नाहीत. समजूतदार आवाजात बोलले. त्यांच्या हातात हळदी-कुंकवाचं ताट होतं. “तुमच्यात हे मानत नाहीत ना? मग उगाच तुझी अडचण कशाला.”

खंडेनवमी होती. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये त्या दिवशी मशीनांची पूजा होते. सळई ताणून तोडणारं मोठं यंत्र, सिमेंटचे ठोकळे दाबणारं यंत्र आणि कोपऱ्यातला कॉम्प्युटर. सगळ्यांना झेंडूचे हार. त्या कॉम्प्युटरवर माझं गणित चालू होतं.

मी म्हणाले, “सर, तो बंद नका करू. रन चालू आहे.”

“चालू मशीनवर पाणी शिंपडतात का?” सर हसले. बाकीचेही हसले. “एक दिवस त्यालाही सुट्टी. अथर्व, स्विच बंद कर. नारळही तूच फोड.”

माझ्याच वर्गातल्या अथर्वनं स्विच बंद केला. आतल्या पंख्याची घरघर थांबली. मी चौकटीबाहेर उभी होते. नारळ फुटला. मग सरांनी मलाही प्रसाद आणून दिला, कागदावर. मी घेतला. “थँक यू सर” म्हणाले. हे मी विसरलेले नाही.

आमचं घर चिखलीत आहे. काळ्या मातीवर. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरची भिंत वाकते, तडकते. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकीपासून खाली तिरपी भेग आहे. आई दरवर्षी सिमेंटनं बुजवते. दरवर्षी ती परत उघडते. भिंत नेमकी कुठे वाकते, कधी तुटते, ते मला कॉम्प्युटरवर काढायचं होतं. त्यासाठी माती आणि भिंत यांचे लहान लहान तुकडे पाडायचे, जाळी विणल्यासारखे, आणि प्रत्येक तुकड्यावरचा ताण काढायचा. तुकडे मोठे ठेवले की उत्तर पटकन येतं. चित्रही छान रंगीत येतं. पण ते उत्तर खरं असेलच असं नाही. तुकडे बारीक करत जायचं. उत्तर बदलायचं थांबलं की मगच त्यावर विश्वास ठेवायचा.

माझं बारीक जाळीचं गणित कित्येक दिवस चालू होतं. मधूनमधून ते साठवून ठेवता येतं. पण साठवण बंद ठेव, असं सरांनीच सांगितलं होतं. डिस्क भरत आली होती. डिस्कवर त्यांच्या मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ होते. स्विच बंद झाला आणि सगळं गणित पुसलं गेलं.

दसऱ्यानंतर मोठ्या संस्थेतल्या एक संशोधक मॅडम येणार होत्या. फुगणाऱ्या मातीवर कॉम्प्युटरनं काम करायला त्यांना एक विद्यार्थी हवा होता. एकच जागा. मला ती हवी होती. आयुष्यात दुसरं काही मी इतकं मागितलं नव्हतं. हेही मोठ्यानं मागितलं नव्हतं.

खंडेनवमीला घरी आले तर आई नागपूरला, दीक्षाभूमीवर निघायची तयारी करत होती. पांढरी साडी बॅगेत ठेवत होती. मी झालेलं सांगितलं.

“मंग तू काऊन नाही गेली आत?”

“पूजा होती, आई.”

“पूजेले कोण जा म्हनते? तुहं काम होतं ना आत?” तिनं साडीची घडी परत मोडली. “तुले इंग्रजी शाळेत टाकलं ते चूप बसाले टाकलं का?”

त्या शाळेत मी तेच शिकले होते. आडनाव विचारलं की हळू सांगायचं. घरातलं ‘मले’, ‘तुले’ दारातच ठेवायचं. इंग्रजी नीट असली की पुढचं कोणी विचारत नाही, असं मला वाटायचं. विचारतात. फक्त हसून विचारतात.

मॅडम आल्या त्या सकाळी सर म्हणाले, “अथर्व बोलेल. त्याचा आवाज चांगला आहे. तू माऊस धर, स्लाईड पुढे घे.”

पडद्यावर माझंच काम होतं. जुनं, मोठ्या तुकड्यांचं. लाल-पिवळं, सुंदर. पहिल्या स्लाईडवर सरांचं नाव, खाली अथर्वचं. माझं नाव शेवटच्या स्लाईडवर, आभारात. लॅबच्या शिपायाच्या नावानंतर.

मी माऊस धरला. स्लाईड पुढे घेत गेले.

मॅडमनी मधेच थांबवलं. “जाळी बारीक केल्यावर उत्तर किती बदललं?”

अथर्वनं सरांकडे पाहिलं. सरांनी नकाराची मान हलवली. “नाही बदललं, मॅडम,” अथर्व म्हणाला.

बंद होण्याआधी मी पडद्यावर पाहिलं होतं. भेग जागा बदलत होती. खिडकीपासून सरकून पायाकडे चालली होती.

मी माऊसवरचा हात काढला.

“बदललं,” मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. “हे काम माझं आहे. आणि हे उत्तर चूक आहे.”

“मग बरोबर उत्तर कुठे आहे?” मॅडमनी विचारलं.

“ते येण्याआधीच खंडेनवमीला मशीन बंद केलं. मले बाहेर उभं करून.”

‘मले’ निघून गेलं तोंडून. मी ते दुरुस्त केलं नाही.

सर हसले. “पोरगी जरा भावनाप्रधान आहे, मॅडम.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “निकालच नसेल तर मी बघू काय?” त्यांचं चूक नव्हतं. त्यांनी आमच्या कॉलेजमधून कोणालाच घेतलं नाही.

बाहेर अथर्व म्हणाला, “तुझं झालं नाही, म्हणून माझंही घालवलंस ना?” दुसऱ्या दिवसापासून लॅबला माझ्यासाठी कुलूप. वर्गात कुजबुज, हिच्यामुळे कॉलेजची जागा गेली. शिफारशीसाठी गेले तर सर फाईलमधून मान वर न करता म्हणाले, “तुला आमची गरज काय? तू स्वतःच बोलतेस की.”

हो. बोलते.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. आई नागपूरला गेली. स्वयंपाकघरात, त्या भेगेसमोर, माझा जुना लॅपटॉप चालू आहे. फार हळू चालतो. गरम होतो. प्रत्येक पायरी साठवून ठेवते. त्याला मी हार घातलेला नाही. धूळ पुसली, तेवढंच.

निकाल आला की मी तो मॅडमना पाठवणार आहे. शिफारस नसेल. पहिल्याच पानावर माझं नाव असेल, आडनावासकट. त्या नाही म्हणाल्या तर दुसरीकडे पाठवीन. मग तिसरीकडे. आणि ज्या लॅबमध्ये माझं मशीन चालू असेल, तिथून मला कोणी बाहेर थांब म्हणालं, तर मी थांबणार नाही. स्विचवर हात ठेवणाऱ्याचा हात मी धरणार आहे.