वहीतला टँकर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीच्या क्लासात आम्हा वीसजणांत एकच कॉम्प्युटर होता. म्हणून जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमची भाषा मी जतला, घरी बसून वहीत शिकले. कन्स्ट्रक्टरला, म्हणजे वस्तू घडवणाऱ्या साच्याला, नाव दिलं टँकर. त्याच्या कंसात var हा शब्द लावून 'पाणी' हे व्हेरिएबल ठेवलं, म्हणजे बाहेरून कुणी त्याला हात लावू नये. पाणी किती उरलं हे सांगणारं फंक्शन मात्र कंसाबाहेर लिहून प्रोटोटाइपला, म्हणजे सगळ्या टँकरांच्या सामायिक यादीला, जोडलं. पेन्सिलीनं ओळ न् ओळ चालवून बघितली. दर वेळी उत्तर बरोबर.

नोकरीच्या परीक्षेत तोच प्रोग्रॅम टाइप केला. मशीन म्हणालं, पाणी नावाचं काही नाहीच. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "आतलं व्हेरिएबल बाहेरच्या फंक्शनला कसं दिसेल?" मला तर दिसत होतं. वहीत दोन्ही एकाच पानावर होती. फंक्शन कंसात घेतलं असतं तर भागलं असतं, पण तोवर पुढची मुलगी खुर्चीपाशी येऊन उभी राहिली होती.

घरी आई म्हणाली, "परत लिव्ह की वहीत."

लिहून काय करू? त्या वहीनं मला वर्षभरात एकदाही चूक म्हटलं नव्हतं.