मधला तुकडा

बन्सीच्या शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण वच्छला लावून द्यायची. वाळूजच्या कंपनीत प्रेस मशीनखाली डावा हात सापडला, तेव्हापासून त्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नव्हती. गल्लीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. बन्सी तो हात खिशात घालून चालायचा आणि लोकांना वाटायचं, गडी अजून जुन्या ऐटीत आहे.

ऐट एके काळी होतीच. ‘बहार’ ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा आणि इब्राहीम गायचा. दोघांनी मिळून बांधलेलं एक गाणं कार्यक्रमात शेवटी व्हायचं. त्यात मध्येच बन्सीचा गिटारचा तुकडा असा पळायचा, की गणपतीचा मांडव असो नाहीतर उरूस, शिट्ट्या थांबायच्या नाहीत. मग पोरगी झाली, वच्छलाने पक्क्या नोकरीचा धोशा लावला आणि बन्सीने ऑर्केस्ट्रा सोडला. त्यावरून इब्राहीम जो रुसला, तो मागच्या हिवाळ्यात वारला तेव्हाही रुसलेलाच होता.

मागच्या आठवड्यात एका लग्नात कुणीतरी बन्सीच्या हातात गिटार दिली. त्याने तेच गाणं वाजवलं, अगदी सावकाश. मधला तुकडा आला तेव्हा तो नुसता थांबला. ठेका चालत राहिला, ड्रमवाला त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग बन्सीने पुढचं कडवं धरलं. कुणीतरी काढलेला त्याचा व्हिडिओ शहागंजभर फिरला.

रविवारी दुपारी कय्युम आणि पुंजाराम घरी येऊन बसले. एके काळी एका सायकलवर डबलसीट खुलताबादेपर्यंत ‘बहार’ ऐकायला जाणारे हे दोघं. वच्छलाने त्यांना चहा दिला आणि ती आत वळली.

“भाभी, तुमी सांगा,” कय्युम बाहेरून ओरडला, “बन्सीभाईनं तो तुकडा जाणूनबुजून सोडला ना? दोस्ताच्या नावानं गप राहिला. माझ्या तर डोळ्यात पाणी आलं.”

“तुज्या डोळ्यात सनईनं बी येतं,” पुंजाराम म्हणाला. “इसरला त्यो. कंपनीत राहून हाताची सवय मोडली. खरं सांग गड्या.”

बन्सी हसला. डावा हात मांडीखाली होता.

“मंग आत्ता वाजवून दाखव,” पुंजारामने गाठलंच. “वाजला तर कय्युम खरा. इब्राहीमच्या नावानं कार्यक्रम ठिवू. हॉल मी बघतो.”

“वच्छला, गिटार काढ,” बन्सी म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा होता. नाही म्हणायला त्याला तोंडच उरलं नव्हतं, हे तिने ओळखलं.

कपाटावरची पिशवी तिने खाली घेतली. लग्नाहून आल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून तारा दाबत बसायचा. बोटं लाकडासारखी राहायची. एकदा त्याने ती दाताखाली धरली होती. तो तुकडा सगळा बारीक तारेवर वाजतो, एवढं इतक्या वर्षांत तिला कळत होतं. तिने त्या तारेची खुंटी पिळली. आणखी पिळली. टण्कन आवाज झाला आणि तार तिच्या मनगटावर बसली.

“काय झालं, वयनी?” पुंजारामने बाहेरून विचारलं.

“तार तुटली. जुनी व्हती.” ती गिटार घेऊन दारात आली.

“गुलमंडीत मिळतीय की!” कय्युम चपला शोधू लागला. “आलोच घेऊन.”

हे काही वच्छलाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती दारात तशीच उभी राहिली. बन्सी तिच्या मनगटावर उठलेल्या लाल वळाकडे बघत होता.

“बस कय्युम,” तो म्हणाला. “तुजंच खरंय. त्यो तुकडा आता इब्राहीमचा. मी नाय वाजवणार. कार्यक्रमात बी नाय.”

कय्युमने त्याला मिठी मारली. पुंजारामने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि “चुकलं गड्या,” एवढंच बोलला. चहा कपातच निवला.

संध्याकाळी बाहेर निघताना बन्सीने उजवी बाही वच्छलापुढे धरली.

“इब्राहीमसाठीच सोडला व्हता,” तो म्हणाला.

तिने वर बघितलं. तो कपाटावरच्या पिशवीकडे बघत होता. इब्राहीम असता तर तुकडा गाळला म्हणून त्याने भर मांडवात शिवी हासडली असती. हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही.

“व्हय,” ती म्हणाली, आणि बटण काजात सरकवलं.