आक्काच्या पिस्तुलावरचा लाल ठिपका

भाची मेघाचा फोन आला तेव्हा मी वाळूजच्या माझ्या शेडमध्ये ड्रिल मशीनवर उभा होतो. "मामा, आई गेली रे... गेली आपली," एवढंच ती म्हणाली. मी तिला निघतो म्हणून सांगितलं, फोन खिशात ठेवला, आणि अर्धवट राहिलेलं भोक आधी पूर्ण पाडलं, मग मशीन बंद केलं. असं का केलं ते मला अजून कळलेलं नाही. आक्कानं सकाळचा चहा घेतला होता, पेपर वाचला होता, औषधाची गोळी घेतली होती आणि खुर्चीतच मान टाकली होती. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसेल, असंही म्हणाले. सगळेच डॉक्टर असं म्हणतात आणि आपणही ते धरून ठेवतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कमल. वैजापूरला मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून तिची नोकरी झाली. आमचं घर शेतकऱ्याचं, कापूस आणि कांद्याचं. कॉलेजात असताना ती एनसीसीच्या कॅम्पला गेली आणि येताना नेमबाजीचं वेड घेऊन आली. घरात कुणाला आवडलं नाही. पण आमचे वडील खळ्यावर बसून सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी आक्काच्याच बाजूनं निकाल द्यायचे, तसाच तो दिला. पुढं तिनं एका निवृत्त नेमबाजाकडून जुनं एअर पिस्तूल घेतलं. हवेच्या दाबावर शिशाचा बारीक छर्रा सोडणारं, दहा मीटरवरच्या कागदावर नेम धरायचं हत्यार. त्यानं फार तर डबा पडेल, माणूस नाही. तरी 'पिस्तूलवाल्या बाई' म्हणून सारं वैजापूर तिला वचकून असायचं, आणि तिनंही कुणाचा गैरसमज कधी दूर केला नाही.

निवृत्तीनंतर ती शहरात आली. गारखेड्यातलं घर बघायला मी तिच्यासोबत होतो. तिनं स्वयंपाकघर पाहिलं नाही, पाण्याचं विचारलं नाही. घराच्या कडेनं भिंतीलगत एक अरुंद बोळ होता, तो तेवढा तिनं टेपनं मोजला आणि म्हणाली, "घ्यायचं." त्या बोळाच्या टोकाला मी तिला जाड पत्र्याची पेटी करून दिली, छर्रे अडवायला. रोज सकाळी तिथं तिचा सराव चालायचा. भावजी लवकर गेले, मेघा पुण्याला नोकरीला लागली, पण आक्का एकटी आहे असं कधी वाटलं नाही. दर वर्षी स्पर्धेला जायची, ज्येष्ठांच्या गटात. बक्षीस मिळालंच तर ते फ्रिजवर ठेवायची आणि पाहुण्यांनी विचारेपर्यंत वाट बघायची. विचारलं नाही तर स्वतःच विषय काढायची.

शाळेतल्या मुलींना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. पिस्तुलाच्या टोकाला जी पुढची साइट असते, लोखंडाची छोटीशी खुंटी, नजर तिच्यावर ठेवायची. टार्गेटवर नाही. टार्गेट धूसरच दिसलं पाहिजे. मी आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे नि सुटे भाग घडवलेला माणूस, मला ते काही पटायचं नाही. जिथं मारायचं तिकडं बघायचं नाही, हा कुठला न्याय? पण साइट हातभर अंतरावर आणि टार्गेट लांब. डोळा दोन्ही एकदम स्पष्ट दाखवू शकत नाही, एकाला सोडावंच लागतं. तिनं आयुष्यभर टार्गेट सोडलं आणि साइट धरली.

मग मोतीबिंदू झाला. ऑपरेशन छान झालं. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी ती चष्म्याशिवाय वाचायला लागली आणि हातभर अंतरावरचं मात्र सगळं पुसट झालं. म्हणजे नेमकी ती साइट. आम्ही गुलमंडीत तिच्या जुन्या चष्मेवाल्याकडं गेलो. त्यानं विचारलं, नंबर जवळचा करायचा की लांबचा? आक्कानं उजवा हात सरळ ताणला, बोट बरोबर त्याच्या कपाळाच्या रोखानं, आणि या बोटाच्या टोकाचा करा म्हणाली. तो बिचारा दोन पावलं मागं सरकला. "आपा, ऐसा नंबर आजतक किसीने नै माँगा," म्हणाला, पण चष्मा त्यानं मन लावून केला. तो लावला की साइट दिसायची आणि टार्गेट इतकं विरघळायचं की भिंत कुठली आणि कागद कुठला ते कळू नये. तोच चष्मा डोळ्यावर ठेवून ती एकदा फोन घ्यायला धावली आणि दाराच्या चौकटीवर आपटली.

तरीही त्या वर्षी ती स्पर्धेला गेली. पिशवी उचलायला मी होतोच. निम्म्या शॉट्सनंतर शेजारच्या लेनमधली मुलगी गोंधळून पंचांकडं बघायला लागली. तिच्या कागदावर एक भोक जास्तीचं होतं. ते आक्काचं होतं... दुसऱ्याच्या टार्गेटवर मारणं हे नवशिक्याचं लक्षण. आक्कानं पिस्तूल खाली ठेवलं, त्या नातीच्या वयाच्या मुलीची माफी मागितली आणि उरलेले छर्रे डबीत परत भरले. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. सिडकोला उतरताना म्हणाली, "दिगू, आता बास. नेम गेला म्हंजी माझ्यात काय ऱ्हायलं रे?" मी तिची पिशवी खांद्यावर घेतली आणि रिक्षा शोधायला लागलो. माझी बायको शैला जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते.

लाल ठिपक्याची साइट मेघानं पाठवली. काडेपेटीएवढं यंत्र, वर एक छोटी काच. बॅटरी चालू केली की काचेत लाल ठिपका दिसतो. बाहेर प्रकाश वगैरे काही पडत नाही, आपल्यापुरताच दिसतो. नजर सरळ टार्गेटवर ठेवायची, ठिपका त्यावर तरंगतो, आणि ठिपका जिथं तिथं छर्रा. पुढची साइट बघायची गरजच नाही. थकलेल्या डोळ्यांसाठी याहून सोपं काही नाही. फक्त आक्का जी स्पर्धा खेळायची तिच्यात ही साइट चालत नाही. ती बसवायची म्हणजे स्पर्धेचं दार आपल्या हातानं लावून घ्यायचं. आक्कानं ते खोकं कपाटात टाकलं आणि मेघाला सांगितलं की मला अजून काठी लागत नाही.

पावसाळा संपता संपता ती एक दिवस रिक्षा करून माझ्याकडं आली. एका हातात पिस्तुलाची पेटी, दुसऱ्या हातात ते खोकं. दोन्ही टेबलावर ठेवून म्हणाली, बसवून दे. मी म्हटलं, आक्का, साइट बसवायचे माउंट बाजारात मिळतात, मागव एखादा. ती म्हणाली, या म्हाताऱ्या पिस्तुलाला बाजारातलं काही बसत नाही, म्हणून तर तुझ्याकडं आणलं. खरंच होतं ते. साइट बसवायला त्यावर जागाच नव्हती. मागची जुनी साइट काढून तिच्या खाचेत बसेल असा अॅल्युमिनियमचा तुकडा घडवावा लागणार होता. शैला गेल्यापासून मी शेडचं कुलूप काढलं नव्हतं. किल्ली कुठं ठेवली तेसुद्धा शोधावं लागलं.

पहिला माउंट मी जीव ओतून केला. खाचेत असा बसला की मध्ये कागद जाऊ नये. आक्कानं घरी जाऊन नेम धरला आणि संध्याकाळी फोन आला, ठिपका हलतोय. माउंटमध्ये प्ले असणार, म्हणजे बारीकसा ढिलेपणा, मी म्हटलं. फटीत पातळ पत्रा घालून दिला. तरी हलतोय. दुसरा केला, पोलादाचा. तो जड झाला आणि ठिपका हलायचा तो हललाच. तिसऱ्याला मी स्क्रूची जागा बदलली, बूड रुंद केलं. या सगळ्यात मी रोज सकाळी आंघोळ करून शेडमध्ये जाऊ लागलो होतो, दुपारी डबा खात होतो, शेजाऱ्याशी बोलत होतो. माझ्या हातचं काम कुणी परत पाठवलंय असं नोकरीत क्वचित झालं असेल. मला त्या प्ले नावाच्या शत्रूचा राग आला होता आणि तो मला सापडत नव्हता.

चौथा करण्याआधी मी आधी करायला हवं होतं ते केलं. पिस्तूल बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात चामडं लावून आवळलं, समोरच्या भिंतीवर खडूनं फुली काढली आणि ठिपका फुलीवर आणून बसून राहिलो. ठिपका हलला नाही. बाकावर लाकडी हातोडीनं ठोकलं. थरथरला आणि पुन्हा त्याच जागी येऊन थांबला. मी पुन्हा ठोकलं. माझ्या कामात दोष नव्हता, आणि हे कळल्यावर मला अजिबात आनंद झाला नाही. कारण मग हलणारी एकच गोष्ट उरत होती.

आक्का सकाळीच आलेली होती. शेडच्या दारात स्टुलावर बसून बघत होती.

"हलला का?" तिनं विचारलं.

"नाय."

"मंग तुझा पहिलाच माउंट बराबर व्हता, दिगू."

तिच्या मांडीवर उजवा हात होता आणि त्यावर तिनं डावा हात दाबून धरला होता. किती दिवस ती असं बसत होती, कोण जाणे. कंपवाताचं निदान तिला आधीच झालेलं होतं, गोळ्या सुरू होत्या. टार्गेट धूसर होतं तोवर हाताचं हलणं त्या धूसरात लपून गेलं होतं. ठिपक्यानं ते लख्ख दाखवलं, तेव्हा ती डॉक्टरकडं गेली होती. मी चिडलोच. मला इतके माउंट कशाला करायला लावलेस, म्हटलं.

"शैला गेल्यापासून तू ह्या शेडमंदी पाय टाकला नव्हता," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आन खरं सांगू का... दर बारीला मलाबी वाटायचं, ह्या बारीला खोट माउंटमंदीच निघंल."

मी व्हाइस सैल केला. साइट काढून टाकू का, मी विचारलं. निदान तो ठिपका सारखा डोळ्यापुढं नाचणार तरी नाही.

"कामून? खोटं थोडंच दावतंय ते," ती म्हणाली. "हात समद्यांचाच हलतो. ठिपका थांबायची वाट बघत बसलं तर जन्मात छर्रा सुटत नाय. काळ्या गोलाच्या आत हलतोय ना? मंग हलू दे. आपुन ट्रिगर हळू दाबायचा."

हे ती वैजापूरच्या मुलींना सांगायची, हे मला माहीत होतं. स्वतःला मात्र ती त्या दिवशी पहिल्यांदाच सांगत होती, असं मला वाटलं.

त्यानंतर दीड-दोन वर्षं तिनं नेम धरला. सकाळच्या गोळीनंतर थोडा वेळ हात बरा असायचा, तेवढा तिचा. रविवारी मी जायचो, दांडा ओढून हवा भरून द्यायचो. तेवढी ताकद तिच्या खांद्यात उरली नव्हती. सगळ्यात अवघड गेलं ते टार्गेटकडं बघणं. इतक्या वर्षांची सवय, नजर आपोआप साइट शोधायला मागं यायची आणि मग ती स्वतःवरच करवादायची. पण हळूहळू जमलं. भोकं पूर्वीसारखी एकात एक पडत नव्हती, काळ्या गोलात इकडंतिकडं विखुरलेली असायची. ती कागद उतरवायची, बघायची, आणि जेवायला काय करू विचारायची. स्पर्धेचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. फ्रिजवरची बक्षिसंही एके दिवशी आत ठेवून दिली. मला त्याचं वाईट वाटलं. तिला वाटलं असेल तर तिनं ते दाखवलं नाही.

ती गेल्यावर तेराव्यानंतर मेघा पुण्याला परतली. कुंड्यांना पाणी घालायला मी रविवारी जातो. मागच्या रविवारी बोळात गेलो. पेटीत तिचा शेवटचा कागद अजून अडकवलेला होता. तो काढून मी नवा लावला. पिस्तूल घेतलं. इतक्या वर्षांत मी ते उघडलं, घासलं, जोडलं होतं, पण त्यातून एकदाही छर्रा मारला नव्हता. आक्का लाख म्हणायची, मार की एक. मी म्हणायचो, माझं काम बनवायचं, मारायचं तुझं.

हवा भरली, हात ताणला. काचेत लाल ठिपका आला आणि हलायला लागला. काळ्यात जाई, बाहेर येई, वर चढे, पुन्हा घसरे. तिच्यापेक्षा जास्तच हलत होता. मी हात खाली घेतला, श्वास सोडला, पुन्हा उचलला. तेच.

मग मी तिच्या खुर्चीवर बसलो, खिशातून छोटा पाना काढला आणि माउंटचे स्क्रू एकेक करून तपासले. सगळे घट्ट होते.